टोपल्याच्या तळाशी

पुंजाजी टोपल्यावर ओणवे झाले की आजूबाजूचा गलका आपोआप थांबायचा. माळ्याने वरच्या थरात निवडक, चकचकीत वांगी रचलेली असत. पुंजाजी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. उजवा हात कोपरापर्यंत आत खुपसायचे, तळ चाचपायचे आणि त्यातलं सगळ्यात वाईट, किडकं वांगं काढून सगळ्यांना दिसेल असं वर धरायचे. "पाहून घ्या बाप्पा! हे असं बी हाये याच्यात. मंग बोला!" आणि बोली सुरू व्हायची.

अमरावतीच्या भाजीबाजारात त्या काळी रोज सकाळी मालाचा हर्रास, म्हणजे लिलाव, होत असे. हर्रास बोलणारे आणखीही होते. ते कोबीच्या गड्ड्याची अशी तारीफ करत की भाजी विकताहेत की मुलीचं स्थळ सांगताहेत असा प्रश्न पडावा. पुंजाजी आधी खोट सांगत. माल आणणारे माळी सुरुवातीला त्यांच्यावर चिडत, कारण पुंजाजी स्वतः माळी, त्यांच्याच वस्तीतले. पण दर्यापूरचा, तिवशाचा, चांदूर रेल्वेचा व्यापारी येऊन उभा राहायचा तो पुंजाजींच्याच ढिगाशी. त्यांनी "एक वार, दोन वार, तीन वार" म्हटलं की मागून कुरकुर नसे. जे वाईट होतं ते आधीच दाखवलेलं असे. "हात घातल्याबिगर मी बोलत नाई," ते म्हणत, "माल माया नाई, पन जबान तर मायी हाये ना!"

माझा छापखाना बाजाराच्या तोंडाशीच होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, सिनेमाची पत्रकं आणि निवडणूक आली की निवडणुकीची पत्रकं. वडिलांची इच्छा मी वकील व्हावं अशी होती. मी छपाईचे खिळे जुळवत बसलो याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटलं. पुंजाजी हर्रास आटोपला की माझ्या ओट्यावर येऊन टेकत. ताठ, उंच, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, आणि आवाज असा की कुजबुजले तरी समोरच्या दुकानात ऐकू जावं. मी छापलेली पत्रकं उलटीसुलटी करून ते विचारत, "हे वाचून लोकं मत देतात का, भाऊ?" मी म्हणे, "देतात की नाही माहीत नाही, पण भजी याच्यातच बांधून देतात." ते हसत आणि एक पत्रक तंबाखूला म्हणून घडी करून खिशात घालत.

हल्ली टीव्हीवर निवडणुकीच्या जाहिराती लागल्या की माझे अकोल्याचे जावई मला मुद्दाम डिवचतात. "सांगा, तुम्ही तर या धंद्यातले. यांनी मतं फिरतात का?" मी आवाज बंद करायला सांगतो. पडद्यावरचा माणूस हात हलवत राहतो, आणि मला पुंजाजी आठवतात.

पहिल्या निवडणुकीला आमच्या भागातून भाऊसाहेब उभे राहिले. पेशाने वकील, घरचे बरे, डोक्यावर टोपी आणि नाकावर राग. त्या काळी मतदानाच्या खोलीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. आपल्याला हव्या त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. चिन्ह लोकांच्या डोक्यात बसवणं हेच प्रचाराचं काम. भाऊसाहेबांनी टांग्यावर बॅटरीचा भोंगा बांधला आणि बोलायला सांगितलं पुंजाजींना, कारण तेवढा आवाज साऱ्या बाजारात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

पुंजाजींना प्रचार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. हर्रास ठाऊक होता. त्यांनी भर चौकात टांगा थांबवला आणि भोंग्यातून सुरुवात केली, "पाहून घ्या बाप्पा! मानूस चिडका हाये. कोर्टात जज्जासंग भांडते. कोनाच्या घरी चाय पेत नाई, कोनाले पाजत बी नाई. आता चांगलं आयका!" टांग्यात मागे बसलेल्या भाऊसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण चौक हसला, गर्दी वाढली, आणि पुढच्या चौकात लोक आधीच येऊन उभे राहिले. ज्याची खोट आधीच कळली तो बाकी ठीक असणार, असा सरळ हिशेब लोकांनी केला. भाऊसाहेब निवडून आले. माझी पत्रकं रद्दीत गेली.

पुंजाजींचा मळा नाल्यापलीकडे होता. तिथे माळ्यांची दहा-वीस घरं आणि विहिरीवर पिकणारी भाजी. एरवी नाला म्हणजे वाळूतली ओलसर रेघ, पण आषाढ-श्रावणात वरच्या अंगाला पाऊस झाला की तासाभरात कंबरेएवढा होई. भाजी काही पाणी उतरायची वाट पाहत नाही. बाया डोक्यावर टोपली घेऊन तशाच पाण्यात उतरत आणि बाजार गाठत. दर पावसाळ्यात कोणाची टोपली वाहून जाई, कोणाची शेळी. या नाल्यावर पूल व्हावा एवढी एकच गोष्ट पुंजाजी जन्मभर मागत आले. दुसरं काही मागताना मी त्यांना पाहिलं नाही.

दुसऱ्या निवडणुकीच्या वेळी वारं फिरलेलं होतं. भाऊसाहेबांची जागा धोक्यात होती. त्यांच्या माणसांनी पुंजाजींना निरोप पाठवला, भोंग्यावर पुलाचं बोला. पुंजाजी म्हणाले, "मी पाह्यलेलाच माल बोलतो. पूल कुठी हाये?" निरोप्या परत गेला. आठवड्याभरात भाऊसाहेब स्वतः नाल्यावर आले. बरोबर ओव्हरसियर, फीत धरणारे दोघे, खुंट्या. दोन्ही काठांवर खुंट्या ठोकल्या, चुन्याच्या रेघा मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी काठावर गिट्टीचा ढीग येऊन पडला.

पुंजाजी त्या ढिगाशी गेले. मी त्या दिवशी भाजी घ्यायच्या निमित्ताने पलीकडे गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. खाली बसून त्यांनी गिट्टीत हात घातला, एक दगड काढला, दुसऱ्यावर आपटून पाहिला. मग उठून एकेक खुंटी हलवून पाहिली. पक्की होती. बाजारात ज्या तऱ्हेने वांग्याचं टोपलं पाहत त्याच तऱ्हेने त्यांनी पूल पाहिला. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला काही शंका आली असती तरी मी बोललो नसतो. आणि खरं सांगायचं तर मला शंका आलीही नव्हती.

त्या संध्याकाळपासून भोंगा फिरायला लागला. या वेळी पुंजाजींनी खोट सांगितलीच नाही. "पूल होईन! म्या हात लावून पाह्यलं. खुट्या ठोकल्या, गिट्टी पडली. येत्या पावसाळ्याच्या आंधी आमच्या बाया कोरड्या पायानं बजारात येतीन. माया जबानीवर सांगतो!" मळ्यांत, माळीपुऱ्यात, बाजारात, सगळीकडे हेच. विरोधी उमेदवाराने दोन जीप आणल्या होत्या, नागपूरहून गाणारे आणले होते. लोक गाणं ऐकत आणि जाऊन पुंजाजींनी सांगितलेल्या पेटीत चिठ्ठी टाकत. पलीकडच्या मळ्यांतून तर म्हातारी, आंधळी माणसं, बाळंतिणीसुद्धा बैलगाडीत बसून मत टाकायला आली. भाऊसाहेब थोडक्यात तरले आणि ते त्या मळ्यांमुळे तरले हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

उन्हाळ्यात एक दिवस गाड्या आल्या आणि गिट्टी भरून घेऊन गेल्या. म्हणे दुसऱ्या रस्त्याला तातडीची हवी होती. पुंजाजी भाऊसाहेबांकडे गेले. त्यांना ओट्यावर बसवून सांगण्यात आलं, की राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, तिच्याबरोबर पुलाचे कागदही गेले, ते आले की काम सुरू. पुंजाजी परत येऊन माझ्या ओट्यावर टेकले. "कागद आपल्या पायानं गेले का, भाऊ? नेले असन ना कोनी?" मी म्हटलं, "येतील हो परत." त्या दिवशी त्यांनी तंबाखूही मळली नाही.

मग पाऊस लागला. श्रावणातल्या एका सकाळी सुखदेवची बायको कौसल्या सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, टोपलं घेऊन नाल्यात उतरली. सुखदेवचा मळा पुंजाजींच्या मळ्याला लागून. मध्यावर गेली असेल, तेवढ्यात वरून लोंढा आला. मागच्या बाया ओरडल्या, पण तिने टोपलं सोडलं नाही. दुपारी ती खाली बाभळीच्या झुडपात सापडली. सांभार मात्र त्याआधीच वाहत गावाच्या घाटापर्यंत येऊन पोचला होता, आणि काही बायांनी तो वेचून घरीही नेला होता, कोणाचा ते ठाऊक नसल्यामुळे.

दुसऱ्या दिवशी पुंजाजी बाजारात आले. पहिलं टोपलं त्यांच्यासमोर ठेवलं गेलं. नेहमीसारखा त्यांनी हात आत घातला. व्यापारी वाट पाहत राहिले. हात बाहेर आला तो रिकामाच आला. ते तसेच वळले आणि गर्दीतून बाहेर पडले. हर्रास त्यानंतर ते कधीही बोलले नाहीत.

तिथून ते सरळ माझ्या छापखान्यात आले. ओट्यावर बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "एक कागद छापून दे, भाऊ. पूल नाई होनार. पुंजाजीनं पाह्यल्याबिगर सांगतलं, तो खोटा. जिथंजिथं भोंगा गेलता तिथंतिथं वाटतो."

"तुमच्या मळ्यांत वाचतंय कोण?" मी म्हटलं. "बोलूनच सांगा ना."

"बोलून कोन आयकन? आता मी बोललो त खरं बोललो का खोटं, हेच समजाचं नाई कोनाले."

मी म्हटलं, गिट्टी तुम्ही नेली का? खुंट्या तुम्ही उपटल्या का? सुखदेव तुमच्याशी भांडला का? ते म्हणाले, "भांडला असता त बरं झालं असतं. काई बोललाच नाई." मग छापखान्याच्या यंत्राकडे पाहत म्हणाले, "लोकायनं भाऊसाहेबाले मत नाई देलं, भाऊ. मले देलं. अन् म्या काय देलं त्यायले?" मला या माणसाचा त्या क्षणी राग आला होता. ज्याने फसवलं तो आपल्या ओट्यावर स्वस्थ सुपारी कातरत बसला होता, आणि हा मात्र त्याचा वाटाही आपल्याच डोक्यावर घेत होता. तो कागद मी छापला नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी पाहिलं, तर नाल्याच्या दोन्ही काठांच्या बाभळींना पुंजाजींनी जाड दोर बांधला होता. पाणी चढलं की पहाटे येऊन ते मध्यावर कंबरभर पाण्यात उभे राहत. बाया एका हाताने दोर धरून, दुसऱ्याने टोपलं सावरून येत, आणि मध्यावर पुंजाजी त्यांचा दंड धरून पुढे काढून देत. शेवटची बाई पार झाली की ते निघत. या सगळ्यात ते बोलत नसत. सगळ्या बाजाराला पुरणारा तो आवाज पाण्याच्या वर कधी आला नाही. सुखदेवही रोज त्याच दोरावरून जाई, कारण आता टोपलं त्यालाच आणावं लागे. पुंजाजी त्याचाही दंड धरत. दोघे एकमेकांकडे पाहत नसत. मी सुखदेवला मनातल्या मनात कठोर म्हणत असे.

तिसऱ्या निवडणुकीपर्यंत वेगवेगळ्या पेट्या जाऊन चिन्हावर शिक्का मारायची पद्धत आली होती. भाऊसाहेबांकडे आता स्वतःची जीप होती, भोंगे दोन, आणि बोलायला अकोल्याहून आणलेला एक तरुण, जो दर वाक्याला टाळी मागायचा. तरी पलीकडच्या मळ्यांत सभा घ्यायचं ठरलं तेव्हा ते पुंजाजींना विसरले नाहीत. सभेत भाऊसाहेब म्हणाले, "कागद आले आहेत. या वेळी पूल नक्की." कोणी टाळी वाजवली नाही. सगळ्या माना एकदम मागे, पुंजाजी जिथे बसले होते तिकडे वळल्या. भाऊसाहेब हुशार माणूस. त्यांनी लगेच हाक दिली, "पुंजाजी, या. दोन शब्द बोला."

पुंजाजी उठले. भोंग्यासमोर येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांनी तो आवाज निघाला, थोडा घोगरा, पण तोच. "मांगच्या खेपीले म्या तळापर्यंत हात घातला नवता. वरवरचं पाह्यलं. पूल नाई होत." एवढंच बोलून ते खाली उतरले आणि सभेतून घरी निघून गेले. अकोल्याच्या पोराने गाणं लावलं.

मळ्यांतलं एकही माणूस त्या वेळी मत द्यायला गेलं नाही. भाऊसाहेब तरीही निवडून आले, बाकी ठिकाणी जीप आणि भोंगे पुरेसे होते. आणि या वेळी, ऐका, कागद खरोखरच आले होते. पूल मंजूर होता. तो गावाच्या दुसऱ्या बाजूला, खालच्या वस्तीकडच्या ओढ्यावर गेला, जिथे पाणी गुडघाभरही चढत नाही. भाऊसाहेबांचा माणूस माझ्या छापखान्यात उद्‌घाटनाच्या पत्रिका टाकायला आला तेव्हा हसत म्हणाला, "ज्यांनी मतं दिली नाहीत त्यांना पूल कशाला?" मी त्या पत्रिका छापल्या नाहीत. दुसऱ्याने छापल्या.

पुंजाजींना हे कळल्यावर ते माझ्याकडे आले. बसले. "पाह्य भाऊ," म्हणाले, "खोटं बोललो तवा पूल नाई झाला. खरं बोललो त झालेला गेला." मी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही.

त्यानंतर दोन-तीन पावसाळे ते दोरावर उभे राहिले. वय झालं होतं, पाणी थंड. छातीत कफ भरला, पण पाणी चढल्याची चाहूल लागली की अंथरुणातून उठून जायचे. एका भादव्यात उठणं झालं नाही. निरोप आला म्हणून मी सकाळी दोर धरून पलीकडे गेलो, पण माझ्या पोचण्याआधीच ते गेले होते. मसणवट गावाच्या बाजूला. तिरडी बांधून होईपर्यंत वरच्या अंगाला पाऊस कोसळला आणि नाला भरून वाहायला लागला. ज्या नाल्यावरच्या पुलासाठी हा माणूस जन्मभर बोलला आणि जन्मभर गप्प राहिला, त्याच्या काठावर त्याची तिरडी पाणी उतरायची वाट पाहत ठेवलेली होती.

आम्ही बाभळीखाली उभे होतो. सुखदेव माझ्या शेजारी येऊन थांबला. एवढ्या वर्षांत तो माझ्याशीही फारसा बोललेला नव्हता. पाण्याकडे पाहत म्हणाला, "पूल नाई होनार हे आमाले तवाच मालूम होतं, भाऊ."

मला वाटलं, तो तिसऱ्या निवडणुकीचं बोलतोय.

"नाई नाई. दुसऱ्या. गिट्टी पडली तवाची गोष्ट. ढीग केवढासा होता? एवढ्या गिट्टीत गोठ्याची जमीन बी होत नाई. आमी माळी असलो म्हनून का एवढं समजत नाई?"

"मग मतं कशाला दिली?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असावं. "पुंजाजी चौकाचौकात जबान देऊन राहिले होते ना! त्यायचा शब्द एकटा पडू द्याचा का? कौसल्या म्हने, पूल होवो नाई तर न होवो, आपल्या मळ्याचा मानूस बोलून राहिला, गेलंच पायजे. तीच गाडी जुपाले लावे."

मी विचारलं, "हे त्यांना सांगितलंत कधी?"

सुखदेवने बाभळीला बांधलेल्या दोरावर हात ठेवला. "रोज सांगू म्हनो. पानी चढे, ते माया दंड धरत. म्हनो, आज सांगतो, पुंजाजी, तुमी आमाले नाई फसोलं. पन डोक्शावर टोपलं, हातात दोर, अन् पाय घसरून राहिले. म्हनो, पलीकडं गेल्यावर सांगू. अन् पलीकडं गेलो का ते मांगच राहत, पान्यात, दुसऱ्यासाठी."

दुपार कलली तसं पाणी कंबरेएवढं उतरलं. सुखदेवने धोतर खोचलं आणि कोणी काही सांगायच्या आत दोर धरत मध्यावर जाऊन पुंजाजींच्या जागी उभा राहिला. तिरडी त्याच्यापाशी पोचली तेव्हा त्याने एक हात वर करून तिच्यावरच्या पांढऱ्या कापडावर ठेवला आणि वाकून, कापडाशी तोंड नेऊन, काहीतरी सांगितलं. पाण्याच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. मग त्याने एकेका खांदेकऱ्याचा दंड धरून आम्हाला पुढे काढून दिलं.